तुरळक ठिकाणी मी

मृग नक्षत्र लागायच्या आत आमच्या सोसायटीत दोन कामं उरकली जातात. गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं आणि तळमजल्यावरचे अप्पा पंचांग उघडतात. दोन्हींचा पावसावर काडीचाही परिणाम होत नाही, पण दोन्ही झाल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

अप्पा बँकेतून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून व्याजदर, जावई आणि पाऊस या तीन विषयांवर त्यांचा शब्द सोसायटीत शेवटचा असतो. व्याजदर आणि जावई यांनी त्यांना वेळोवेळी तोंडघशी पाडलं आहे. पाऊस त्या मानाने सांभाळून घेतो. ७ जूनच्या सुमाराला ते जिन्याजवळच्या बाकावर बसून जाहीर करतात, "मृगाचं वाहन यंदा गाढव. मध्यम पाऊस." ज्यांचा शेतीशी शेवटचा संबंध आजोबांच्या सातबाऱ्यापाशी संपला, अशी चार माणसं हे ऐकून गंभीर होतात.

पंचांगातलं हे पान ज्यांनी कधी उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सूर्य पावसाच्या एखाद्या नक्षत्रात शिरला की त्या वेळी सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, येईल त्या आकड्याला नऊने भागायचं आणि बाकी उरेल ते जनावर. एक उरला तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, पुढे मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि काहीच उरलं नाही तर हत्ती. बेडूक, म्हैस आणि हत्ती ही पाण्यात रमणारी मंडळी भरपूर पाऊस आणतात. मोर, उंदीर, गाढव मध्यम. कोल्ह्या-मेंढ्याकडून फार अपेक्षा ठेवायची नाही. घोडा आला तर पाऊस डोंगरावर. शाळेत माझाही भागाकार साधारण असाच चाले. गणित कुठूनही सुरू झालं तरी शेवटी वर्गात एक गाढव निघायचं.

मला यातलं घोड्याचं कलम फार आवडतं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात सह्याद्रीच्या पाठीमागे माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक देवापुढे नारळ फोडतात. जिल्हा एक, कलेक्टर एक, पंचांगही एकच. मग महाबळेश्वरला कायमचा घोडा आणि माणला कायमचा मेंढा कुणी नेमून दिला? तर सह्याद्रीने. ढग समुद्रावरून भरून येतात, घाट चढताना ओझं हलकं करतात आणि पलीकडे नुसते हात हलवत पोहोचतात. आपण ज्याला नियती म्हणतो ती पुष्कळदा एवढीच असते: डोंगराच्या कुठल्या अंगाला जन्माला आलो.

अप्पांचं पंचांग एकीकडे आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे पक्षी दुसरीकडे. काका निसर्गाचं ऐकतात. म्हणजे पहाटे साडेपाचला निसर्ग ऐकतात आणि साडेसातला आम्हाला ऐकवतात. मे महिन्यात त्यांनी पार्किंगमधल्या झाडावर कावळ्याचं घरटं पाहिलं. घरटं शेंड्यावर असेल तर पाऊस कमी, खाली दाट बेचक्यात असेल तर जोरदार, असा जुना आडाखा आहे. आता कावळ्याच्या हुशारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ज्याच्या घरट्यात कोकिळा अंडं घालून जाते आणि ज्याला ते पोर मोठं होईपर्यंत पत्ता लागत नाही, त्याला पुढच्या चार महिन्यांचा पाऊस कळतो, हे जरा अति होतं. घरात काय शिजतंय ते माहीत नसताना दिल्लीचं राजकारण उलगडून सांगणारी माणसं मी पाहिली आहेत, तशातलाच हा प्रकार.

पावशाचं तर त्याहून वरताण. उन्हाळा सरता सरता तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' असा घोशा लावतो आणि शेतकऱ्याला म्हणे त्यातून पेरणीचा इशारा मिळतो. हा पक्षी स्वतः काय पेरतो? हाही कोकिळेच्याच कुळातला. घरटं बांधत नाही, अंडी उबवत नाही, पिलांना चारा भरवत नाही. मादी सातभाईच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकून मोकळी होते आणि इकडे उपदेश चालू. जगात 'कामाला लागा' हे सर्वांत जास्त कळकळीने कोण सांगतं, याचं उत्तर निसर्गाने झाडावर बसवून ठेवलं आहे.

तिकडे बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात. भोवती गोलाकार धान्यं ठेवतात, आणि रात्रीतून त्यांत काय हालचाल झाली ते पाहून पहाटे पीकपाण्याचं भाकीत सांगतात. घटावरचा पानविडा म्हणजे राजा. तो जागचा हलला की राजाच्या गादीचं काही खरं नाही. हे ऐकायला माणसं लांबून येतात. मला त्यात एक गोष्ट पटते. घट मांडल्यावर रात्री तिथे कुणी थांबत नाही, म्हणजे निदान एक रात्र तरी कुणी त्याबद्दल बोलत नाही.

आणि शेवटी सरकार. हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं. मोसमी पावसाचा पहिला रीतसर अंदाज ४ जून १८८६ ला दिला गेला. मुख्यालय सिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्यात आलं, आणि पुणेकरांनी शिवाजीनगरच्या त्या कचेरीला जे 'सिमला ऑफिस' म्हणायला सुरुवात केली ते आजतागायत. एप्रिलच्या भर दुपारी कंडक्टर "सिमला ऑफिस" असा पुकारा करतो आणि घामाने निथळणारी माणसं तक्रार न करता उतरतात. नावात काय आहे याचं असं शिस्तबद्ध प्रात्यक्षिक दुसरीकडे मिळणार नाही.

'खात्याने पाऊस सांगितला ना, मग छत्री घरी ठेवा' हा विनोद माझ्या लहानपणीही म्हातारा होता. तो करणाऱ्याने खात्याची भाषा मात्र कधी कान देऊन ऐकलेली नसते. 'तुरळक ठिकाणी' याला तिथे नेमका अर्थ आहे: त्या भागातल्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर. त्यापुढे 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' अशी चढण आहे. दिवसभरात अडीच मिलिमीटरपेक्षा कमी पडला तर तो पावसाचा दिवस म्हणून धरतच नाहीत. तुम्ही चिंब झाला असाल तर ती तुमची खासगी बाब. खातं शक्यता सांगतं, आपण वचन ऐकतो, आणि मग वचनभंगाची फिर्याद घेऊन चहाच्या टपरीवर उभे राहतो.

या खात्यात १९०४ साली गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती प्रमुख म्हणून आले. मान्सूनची किल्ली शोधता शोधता ते पार प्रशांत महासागरापर्यंत पोहोचले. तिकडे हवेचा दाब चढला की हिंदी महासागराकडे उतरतो, असा हा दोन महासागरांमधला सी-सॉ. एल निनो या पोराने त्यावर उडी मारली की आपल्याकडचा पाऊस बिघडतो. सगळं नीट जुळलं. मग १९९७ साली शतकातला एक अतिशय दांडगा एल निनो आला. सगळ्यांनी डोक्याला हात लावला, आणि भारतात पाऊस झाला सरासरीच्या १०२ टक्के. २००२ साली एल निनो त्याच्या मानाने बराच सौम्य होता, आणि पाऊस ८१ टक्क्यांवर आटोपला. शास्त्राने निसर्गाचं ऐकावं हे ठरलेलं आहे. निसर्गाने शास्त्राचं ऐकावं असा करार कुठेही झालेला नाही.

एवढे सल्लागार हाताशी असताना माणूस भिजतो कसा, ते आता स्वानुभवाने सांगतो.

रविवार होता. पुष्य नक्षत्र, म्हणजे गावाकडचा म्हातारा पाऊस. पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. अंगात कांजी केलेला पांढरा कुर्ता, हातात दोन किलो बर्फीचा पुठ्ठ्याचा खोका. निघताना तीन मतं कानावर आली. रेडिओ म्हणाला, शहरात तुरळक ठिकाणी मध्यम सरी. अप्पा बाकावरून म्हणाले, "वाहन मेंढा. पाऊस कसला पडतोय!" आणि आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी हात पुसत म्हणाल्या, "काका, छत्री घ्या. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्यात."

मी चमकलो. कारण मुंग्यांनी अंडी हलवली की पाऊस जवळ आला, हे वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत नोंदवलं आहे. मावशींनी बृहत्संहिता वाचलेली नाही. मीही नाही, पण वाचली आहे असं लोकांना वाटेल इतपत मला तिच्याबद्दल माहीत आहे. म्हणजे एकीकडे रेडिओ, दुसरीकडे वराहमिहीर, तिसरीकडे मेंढा. मी मेंढ्याचं ऐकलं.

का ऐकलं? दाराआडच्या खुंटीवरची छत्री लांब दांड्याची होती आणि एका हातात बर्फी असताना दुसऱ्या हातात ती धरायचा मला कंटाळा आला होता. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात क्रम उलटा असतो. मनाचं आधी ठरतं, मग त्याला दुजोरा देणारा जन शोधायचा. तो बहुधा जिन्याजवळच्या बाकावरच बसलेला असतो.

बसमधून उतरलो. कार्यालय दहा मिनिटांवर. पहिल्या चार मिनिटांत काही घडलं नाही. पाचव्या मिनिटाला एक थेंब चष्म्यावर पडला, सहाव्याला पुढचा बँकेचा बोर्ड दिसेनासा झाला. रस्त्यापलीकडे कोरडं होतं! मी स्वतः पाहिलं, एक माणूस तिथे शांतपणे भुईमुगाच्या शेंगा खात माझ्याकडे बघत होता. तुरळक ठिकाण म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. तुरळक ठिकाण म्हणजे मी. कांजीचा कुर्ता अंगाला पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटला. खोक्याचा तळ मऊ पडला, तो मी दोन्ही तळव्यांनी सांभाळत कार्यालयात शिरलो, तेव्हा बर्फी पुन्हा दूध व्हायच्या मार्गाला लागली होती.

आत सगळ्यांनी स्वागत केलं. "पाऊस घेऊन आलात! शुभशकुन!" आत्या म्हणाल्या, "असायचं नशिबात भिजणं." मी मान डोलावली. नशीब हा फार सोयीचा शब्द आहे. खुंटीवरच्या छत्रीचं नाव त्यात कुठेच येत नाही.

पाटावर गुरुजी बसले होते. त्यांनी बाळाची पत्रिका मांडली होती. बाळ बारा दिवसांचं. उच्चशिक्षण उत्तम, परदेशगमन निश्चित, विवाह थोडा उशिरा, चाळिशीनंतर स्वतःची वास्तू. आई-वडील डोळ्यांत प्राण आणून ऐकत होते. बाळ झोपलं होतं. त्या सभागृहात स्वतःच्या भविष्याबद्दल बेफिकीर असलेली ती एकटीच व्यक्ती. चाळीस वर्षांनंतरच्या वास्तूचा पत्ता लावून झाल्यावर गुरुजींनी उपरणं सावरलं, माझ्या कुर्त्याकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाहेर थांबलाय का हो? स्कूटर उघड्यावर आहे."

गुरुजींना मी हसलो नाही. या धंद्यात भल्याभल्यांची गत तीच आहे. एडवर्ड लॉरेंझ नावाचे अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ १९६१ च्या हिवाळ्यात संगणकावर एक खोटं हवामान चालवून बघत होते. जुनं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला आणि कॉफी प्यायला गेले. मूळ आकडा होता ०.५०६१२७. परत येऊन बघतात तर सुरुवातीला जुन्याच्या पावलावर पाऊल टाकणारं हवामान पुढे भलत्याच गावाला गेलेलं. फरक किती? चार हजारांत एक भाग. आमचा वाणी साखर मोजताना याहून उदार होतो. गणितात कुठेही लहर नव्हती, पुढचं प्रत्येक पाऊल नियमाने ठरलेलं होतं, आणि तरीही ते आधी सांगता येत नव्हतं. हे वाचल्यापासून नियतीबद्दलचं माझं भांडण मिटलं. तिने सगळं लिहून ठेवलं असेलही. पण अक्षर डॉक्टरांचं आहे.

मग ऐकायचं तरी कुणाचं? मला याचं बरं उत्तर माण तालुक्यात मिळालं, चुलतभावाच्या रानात. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. एका जूनमध्ये मी तिकडे गेलो होतो तेव्हा एक सर पडून गेली होती आणि पेरणीची घाई सुरू होती. सकाळपासून त्याला पाच जणांनी सल्ला दिला. शेजारच्याने सांगितलं, पेर. दुकानदाराने सांगितलं, बियाणं संपत आलंय, पेर. मोबाइलवर आलेल्या चित्रात ढग होते. देवळातल्या म्हाताऱ्याने वाहन सांगितलं. कृषी खात्याचा निरोप होता की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दादाने प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही न बोलता. मग कुदळ उचलली, रानाच्या मधोमध जाऊन वीतभर खणलं, वरची माती मुठीत घेऊन दाबली. लाडू झाला. तो त्याने कमरेइतक्या उंचीवरून सोडला. लाडू फुटून पसरला तर वाफसा, तसाच राहिला तर चिखल, हे मला ठाऊक होतं. लाडू फुटून पसरला, पण इथे तिसराच प्रकार झाला. वितीच्या खालची माती त्याने दाबली तर लाडूच होईना, बोटांतून पिठासारखी गळून गेली.

"न्हाई पेरायचं," दादा म्हणाला.

मी म्हटलं, "अरे, मग एवढ्या लोकांचं ऐकलंस कशाला?"

"आरं, ऐकायचं समद्यांचं. ऐकायला पैसं पडत न्हाईत, पेरायला पडत्यात."

नऊ दिवस तो थांबला आणि मग बाजरी पेरली. त्या साली थांबणं बरोबर ठरलं, आजूबाजूला दुबार पेरणीची पाळी आली. त्याआधी एका वर्षी तो असाच थांबला होता आणि चांगली ओल हुकली होती. तेव्हा काय म्हणालास, असं मी विचारलं. मला वाटलं, आता नशीब येणार, वर बघून हात जोडणं येणार. दादा म्हणाला, "काय म्हनायचं? चुकलं." चाळीस वर्षं आकाशाच्या भरवशावर शेती केलेल्या माणसाच्या तोंडी नशीब हा शब्द नव्हता, आणि मी एका कुर्त्यासाठी तो वापरून मोकळा झालो होतो. पावसाच्या गप्पा मारणाऱ्यांत हीच दोन घराणी आहेत. ज्याचं काही जायचं नसतं तो अंदाज सांगतो. ज्याचं जायचं असतं तो ऐकतो, आणि ऐकून झाल्यावर खणून बघतो.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी अप्पा बाकावर भेटले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "मेंढा म्हणजे कमी पाऊस. बंद म्हटलं नव्हतं मी." बँकेत चाळीस वर्षं काढलेला माणूस, बारीक अक्षरातल्या अटी त्याला पाठ असायच्याच.

वर आलो तर मावशी भांडी घासत होत्या. मी खुल्या दिलाने कबूल केलं, "मावशी, तुमचं ऐकायला हवं होतं. मुंग्यांचं तुम्हाला बरोब्बर कळलं."

"कसलं कळतंय काका," त्या कढई खंगाळत म्हणाल्या. "मुंग्या रोजच चढतात, तुमच्या साखरेच्या डब्याकडं."

"मग तुम्ही अंडी म्हणालात ते?"

"नुसतं छत्री घ्या म्हटलं असतं तर तुम्ही घेतली असती का?"

घेतली नसतीच. अंड्यांसकटही घेतली नव्हती. मी विचारलं, "पण मग तुम्हाला पाऊस येणार हे कसं कळतं?"

"कळत नाही म्हणून तर रोज छत्री आणते. मला चार घरं चालत जायचं असतं."

वराहमिहीर, वॉकर, लॉरेंझ, मेंढा आणि माझे दोन किलो बर्फीचे पैसे एका वाक्यात निकालात निघाले. त्या दिवसापासून ती लांब दांड्याची छत्री माझ्याबरोबर असते. रस्त्याने लोक विचारतात, आज पाऊस सांगितलाय का? मी सांगतो, मुंग्या चढल्यात. लगेच मान डोलावतात, दोघा-तिघांनी तर घरी फोन करून छत्र्या मागवल्या.

हस्त नक्षत्र १० ऑक्टोबरच्या आसपास संपतं. तोवर छत्री जवळ ठेवा. कारण हवंच असेल तर मुंग्यांचं सांगा.